कलावंताचा सातबारा

राज्य नाट्य स्पर्धेची फेरी जळगाव केंद्रावर सुरू असते, तेव्हा प्रयोग सुटल्यावर नाट्यगृहाबाहेर चहाच्या टपरीवर बराच वेळ गर्दी रेंगाळते. नुकत्याच पाहिलेल्या नाटकावर चार वाक्ये बोलून होतात आणि गप्पा मालिकांमधल्या नटांकडे वळतात. मग कुणीतरी विचारतोच, “त्याले कितला पैसा भेटस रे भाऊ?” दुसरा मोबाइल काढतो, त्या नटाच्या नावापुढे ‘संपत्ती’ असा शब्द टाकतो आणि कोटींतला एक आकडा वाचून दाखवतो. ऐकणारे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो.

हा प्रश्न मला कधी हलका वाटला नाही. खान्देशातल्या माणसाला भाव विचारायची सवय आहे. केळीचा भाव, कापसाचा भाव, सराफ बाजारातला सोन्याचा भाव, हे विचारताना त्याला संकोच वाटत नाही आणि वाटूही नये. ज्या कामाचा भाव विचारणे असभ्य ठरते, त्या कामात फसवणूक सोपी होते. नटाच्या कामाचा भाव विचारावा. मात्र मोबाइल देतो तो आकडा भाव नसतो आणि संपत्तीही नसते. एखाद्याची संपत्ती सांगायची तर त्याच्या मालकीचे सगळे मोजून त्यातून सगळे देणे वजा करावे लागते. त्याचे गृहकर्ज, थकलेले मानधन, भरलेला आयकर, घरातले आजारपण यांतले काहीही आकडा लिहिणाऱ्याला माहीत नसते. नटाच्या मालमत्तेचा शपथेवरचा हिशेब लोकांना वाचायला मिळतो तो बहुधा एकाच ठिकाणी, निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात. ‘रामायण’ मालिकेतले अरुण गोविल २०२४ मध्ये मेरठमधून लोकसभेला उभे राहिले आणि अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूरमधून, तेव्हा त्यांच्या मतदारांना तो हिशेब वाचता आला. बाकीच्यांच्या बाबतीत आपण वाचतो तो अंदाज असतो आणि एकाचा अंदाज दुसरा उतरवून घेतो.

हा अंदाज निरुपद्रवी असता तर त्यावर लिहायचे कारण नव्हते. पण त्याने नुकसान होते. पडद्यावर दिसतो तो श्रीमंत, अशी आपली समजूत त्यातून पक्की होते. मग एखादा नट थकलेल्या पैशाबद्दल बोलला की आपल्याला ते खोटे वाटते आणि एखादी ज्येष्ठ अभिनेत्री औषधपाण्यासाठी मदत मागते तेव्हा आपण तिने पैसा उधळला असेल असे ठरवून मोकळे होतो. म्हणून टपरीवरचा प्रश्न बदलायला हवा. त्याला किती मिळते, हे नंतर विचारू. त्याने जे उभे केले त्याच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, हे आधी विचारू.

उत्पन्न आणि संपत्ती या दोन गोष्टी शेतकऱ्याला वेगळ्या करून सांगाव्या लागत नाहीत. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते. रोकड किती, धान्य किती, उचल किती, हे बोलून होते आणि पुढच्या आखाजीपर्यंत दोन्ही बाजूंना निश्चिंती असते. सालदार कितीही चांगला असला, मालक त्याला घरच्यासारखा वागवत असला, तरी शेत मालकाचेच असते. मालिकेतल्या नटाला ही सालाचीही निश्चिंती नसते. बहुतेकांचे मानधन दिवसावर ठरते, म्हणजे तो रोजंदार असतो. दुसरी गोष्ट केळीची. मुख्य घड कापला तरी बाग संपत नाही. बुडाशी राखलेले पील वाढते आणि पिलबागेचे दुसरे पीक हाती येते. लावणीचा खर्च एकदाच झालेला असतो. मालिकेचेही तसेच असते. ती पुन्हा दाखवली जाते, दुसऱ्या भाषेत डब होते, ॲपवर वर्षानुवर्षे राहते, तिच्यातले विनोदी तुकडे मोबाइलवर फिरतात. ही सगळी पिलबागच आहे आणि ज्याच्या चेहऱ्यावर ती वाढली, त्याला तिच्यातला घड सहसा मिळत नाही.

हा प्रश्न टीव्हीने जन्माला घातला असे मात्र नाही. तो समजून घ्यायला जळगावातच शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाता येते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात मामांकडे गेला आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. आज शहरातले खुले नाट्यगृह त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. हा प्रसंग आपण नेहमी त्यांच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगतो आणि ती निष्ठा खरीच होती. पण तो प्रसंग आणखीही काही सांगतो. पूर्ण कंपनीचे पोट एका माणसाच्या गळ्यावर चालत होते. त्या माणसाला आपल्या घरातल्या दुःखासाठी एक दिवसही काढून घेणे जड होते.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे भागीदार बाजूला झाले आणि ते कंपनीचे एकटे मालक उरले. म्हणजे सातबाऱ्यावर नटाचे नाव लागले. मग काय झाले? कंपनीवर लाखांच्या घरातले कर्ज होते. पुढच्या सात-आठ वर्षांत प्रयोगांमागून प्रयोग करून त्यांनी ते फेडले, पण रंगमंचाच्या वैभवात काटकसर करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. भरजरी शालू, खरी अत्तरे, पदरी ठेवलेले नामांकित साथीदार यांवर पैसा जात राहिला. त्यातच बोलपट आले आणि नाटक कंपन्यांचा प्रेक्षक ओसरला. १९३५ मध्ये त्यांनी ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथांची भूमिका केली, पण चित्रपटात ते रमले नाहीत आणि पुन्हा नाटकाकडे वळले. उतारवय ओढगस्तीत गेले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण असे मान त्यांना मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. पुण्यातले त्यांच्या नावाचे रंगमंदिर त्यानंतर वर्षभरात, २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी उघडले.

बालगंधर्वांची ही कहाणी माझ्या म्हणण्याच्या विरोधातही वापरता येते, हे मला ठाऊक आहे. कुणी म्हणेल, पहा, नट मालक झाला आणि बुडाला. म्हणजे मालकी हा काही उपाय नव्हे. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. मालकी म्हणजे नफ्याबरोबर तोट्याचीही जबाबदारी. कपडेपट, रेल्वेचे भाडे, सावकाराचे व्याज हे सगळे मालकाच्या डोक्यावर येते. उत्तम गाणाऱ्याने उत्तम हिशेबनीसही असावे, अशी अपेक्षा करणे अन्याय्य आहे. पण नोकर नट म्हणून राहायचे तर काम थांबले की मिळकत थांबते आणि मालक व्हायचे तर सगळी जोखीम एकट्याने घ्यायची, हे दोनच पर्याय आहेत का? सातबाऱ्याचा उतारा नीट पाहिलेल्या माणसाला उत्तर ठाऊक असते. त्या उताऱ्यावर मालकाच्या नावाखेरीज आणखी एक रकाना असतो, ‘इतर हक्क’ नावाचा. कुळाची नोंद तिथे होते. कूळ मालक नसतो, पण जो कसतो त्याचा काही हक्क आहे, हे तो रकाना कागदावर मान्य करतो. कलावंताला मालकी हवीच असे नाही. त्याचे नाव इतर हक्कांत लागायला हवे. हा या लेखाचा मुद्दा आहे आणि पुढचे सगळे त्याच्याच समर्थनासाठी आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि नटाच्या चेहऱ्याला तिकीटबारीशिवाय घराघरात जाता येऊ लागले. त्या केंद्रावर सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या देणारी एक मुलगी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या घराण्यातली होती. शिवाजीराव गिरधर पाटील यांची ही कन्या, स्मिता. श्याम बेनेगल यांनी तिला त्या पडद्यावर पाहिले आणि १९७५ मध्ये ती ‘निशांत’मध्ये मोठ्या पडद्यावर दिसली. पुढे ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’, ‘चक्र’ असे चित्रपट झाले. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ती गेली. मला इथे तिची ‘भूमिका’ आठवते. १९७७ च्या या चित्रपटासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो आधारलेला होता. लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर उभी राहून घर चालवणारी आणि स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या निर्णयांवर ताबा मिळवण्यासाठी आयुष्यभर झगडणारी बाई खान्देशच्या लेकीने पडद्यावर उभी केली. नटीच्या संपत्तीबद्दल मराठीत याहून खरे बोलणे क्वचितच झाले असेल. कमावणारा हात एकाचा आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, हे चित्र त्यात उघडे पडले आहे.

दूरदर्शनच्या त्या पिढीतल्या नटांनी या प्रश्नावर मध्यमवर्गीय तोड काढली होती, ती म्हणजे नोकरी. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ने घरोघरी पोचलेले बाळ कर्वे मुंबई महापालिकेत नोकरीला होते. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत रोखपाल होते. पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी हे सगळे कचेरीतून मिळे आणि अभिनय संध्याकाळी व सुटीच्या दिवशी चाले. त्या काळातल्या अनेक नटांच्या अंगी जो निवांतपणा दिसतो, तो बँकेने आणि महापालिकेने दिलेला होता. नाट्यव्यवसायाला त्यांच्या म्हातारपणाची सोय स्वतःहून लावता आली नव्हती. दैनंदिन मालिका आल्या आणि ही तोडही बंद झाली. महिन्याचे वीस-पंचवीस दिवस, दिवसाला बारा-तेरा तास चित्रीकरण असेल तर नोकरी सांभाळणार कशी?

साटमांचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण ‘ज्येष्ठ टीव्ही अभिनेता’ म्हटले की अनेकांसमोर त्यांचाच चेहरा येतो. ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. १,५४७ भाग झाले. वीस वर्षांत खान्देशातल्या मुलांनी साटमांच्या एसीपी प्रद्युम्नची बोटे फिरवायची लकब गल्लीबोळांत उचलली. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका परतली. २०२५ च्या एप्रिलमध्ये कथेत त्या पात्राचा मृत्यू दाखवला गेला, तेव्हा प्रेक्षक खरोखर हळहळले आणि पुढे ते पात्र परत आले. साटमांची मिळकत किती, हे मला विचारायचे नाही. तो त्यांचा खासगी मामला आहे. मला दिसते ते इतकेच की सत्तावीस वर्षे एका माणसाच्या देहबोलीवर उभे राहिलेले पात्रसुद्धा जगवायचे की संपवायचे, हे त्या माणसाच्या हातात नसते. जो इतका मोठा, त्याची ही गत, तर धुळ्याहून गेलेल्या पोराची काय असेल?

त्या पोराचा प्रवास आपल्या इथल्या प्रत्येक नाट्यवेड्या घराला ठाऊक आहे. शाळेचे स्नेहसंमेलन, महाविद्यालयाची एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेतले प्रमाणपत्र आणि मग एके रात्री विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेसने मुंबई. तिथे चौघांत एक खोली, रोजच्या ऑडिशन्स, आणि बोलण्यातला खान्देशी हेल घालवण्याची धडपड. वर्ष-दोन वर्षांनी मालिकेत नायकाच्या मित्राचे काम मिळते. गावात फलक लागतो. दिवसाचा दर ऐकून घरच्यांना तो महिन्याने गुणावासा वाटतो, पण बोलावणे महिन्यात आठ दिवसांचेच असते. पैसे हाती येतात ते काम झाल्यानंतर तीन महिन्यांनी, कर कापून. मधल्या काळात खोलीचे भाडे थांबत नाही. कपडे, व्यायामशाळा, समन्वयकाचा हिस्सा हे खर्च असतातच. मग टीआरपी घसरतो, कथानकात उडी घेतली जाते, मित्राचा ‘ट्रॅक’ संपतो. त्याला हे बऱ्याचदा दुसऱ्या दिवसाचे बोलावणे आले नाही, यावरूनच कळते. करारपत्र इंग्रजीत होते, सही पहिल्या दिवशी मेकअपच्या खुर्चीत बसून केलेली होती आणि आपल्या कामाचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांसाठी, कायमचे देऊन टाकल्याचे त्यात लिहिले होते. तो घरी परततो तेव्हा शेजारी त्याला विचारतात, “मालिकेत होतास ना, मग गाडी कुठे आहे?”

याच वाटेने गेलेल्या आणि फार पुढे पोचलेल्या मृणाल ठाकूरचे नाव इथे कुणी घेईल आणि ते घ्यायलाच हवे. १९९२ मध्ये धुळ्यात जन्मलेली, जळगावात शिकलेली ही मुलगी २०१२ मध्ये हिंदी मालिकेत आली, ‘कुमकुम भाग्य’ने घरोघरी पोचली आणि मग मालिका सोडून तिने ‘लव्ह सोनिया’, ‘सुपर ३०’, ‘सीता रामम’ असे चित्रपट केले. तिच्या कष्टांचा आपल्याला अभिमान आहे. पण तिच्या वाटचालीतली महत्त्वाची पायरी कोणती, ते पाहा. चालू असलेल्या मालिकेचा चेहरा झाल्यावर ती त्यातून बाहेर पडली आणि अनिश्चित वाटेवर गेली. टीव्हीने तिला ओळख दिली. आपल्या अटींवर काम निवडण्याची ताकद तिने टीव्ही सोडल्यावर मिळवली. जे माध्यम सोडल्याशिवाय कलावंत उभा राहत नाही, त्या माध्यमाच्या मोबदल्याच्या रचनेत काहीतरी चूक आहे, असेच म्हणावे लागते.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकू. निर्माता म्हणेल, पैसा मी घातला, वाहिनीने मालिका चार महिन्यांत बंद केली तर सेटचा तोटा माझा. नटाने त्यातला एक रुपयाही भरला नाही, मग नंतरच्या कमाईत त्याचा वाटा का? हा प्रश्न प्रामाणिक आहे. जोखमीचा मोबदला निर्मात्याला मिळालाच पाहिजे. पण नटही जोखीम घेतो, फक्त ती रुपयांत दिसत नाही. एखाद्या भूमिकेत चार वर्षे दिसलेल्या नटाला पुढे दुसरी भूमिका मिळणे अवघड होते. ‘लोक तुला त्याच नावाने ओळखतात’ हे कौतुक त्याच्या पुढच्या कामाची दारे बंद करते. त्याने आपला चेहरा गुंतवलेला असतो आणि तो परत मिळत नाही. शिवाय वाटा मागायचा तो फक्त मालिका पुन्हा विकली गेली तर, कमाई झाली तर. तोटा झाला तर मागायचे काहीच उरत नाही. असा हक्क निर्मात्याला बुडवत नाही.

हे जगात कुठे झाले नाही, असेही नाही. अमेरिकेत १९६० मध्ये चित्रपट-नटांच्या संघटनेने ७ मार्च ते १८ एप्रिल असा संप केला. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन. जुने चित्रपट टीव्हीवर दाखवून स्टुडिओ कमाई करत होते आणि नटांना काही मिळत नव्हते, हे भांडणाचे मूळ होते. तडजोडीत त्या वर्षापासूनच्या चित्रपटांसाठी पुनर्प्रसारणाचा वाटा मान्य झाला आणि जुन्या चित्रपटांवरचे पाणी सोडण्याच्या बदल्यात निवृत्तिवेतन व आरोग्य योजनेसाठी निधी मिळाला. २०२३ मध्ये त्यांच्या वारसदार संघटनेने पुन्हा ११८ दिवसांचा संप केला, तोही ॲपवरच्या वाट्यासाठी आणि संगणकाने चेहरा उसना घेण्याच्या विरोधात. साठ वर्षांत नवे पडदे आले, भांडण तेच राहिले, कारण प्रत्येक नवा पडदा पिलबागेचा नवा वाफा असतो.

आपल्या देशातही कायदा अगदी रिकामा नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क त्यात पक्का झाला आणि ‘कलाकाराचा हक्क’ सांगणारे कलम ३८-अ आले. कलाकाराने आपले काम चित्रीकरणात घेण्यास लेखी संमती दिली असली, तरी त्याच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास तो रॉयल्टीला पात्र राहील, असे त्यात म्हटले आहे. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. गायकांनी २०१३ मध्ये आपली संस्था नोंदवून या कायद्याच्या आधारे वसुली सुरू केली. नटांना ते तितके जमले नाही. याचे कारण मला असे दिसते की गायकाचा आवाज एकट्याचा, सहज ओळखू येणारा, मोजता येणारा असतो. मालिकेत चाळीस नट असतात, त्यांतले पस्तीस उद्याच्या बोलावण्याच्या काळजीत असतात आणि काळजीत असलेला माणूस कलम दाखवत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांपैकी एकीत नट, वृत्तनिवेदक, नर्तक यांना ‘दृकश्राव्य कामगार’ म्हटले आहे आणि लेखी कराराशिवाय त्यांना कामावर घेऊ नये, अशी तरतूद आहे. कागदावर पेरणी झाली आहे. आता ते उगवते का, हे पाहणे कलावंतांच्या संघटनांचे, सरकारचे आणि आपलेही काम आहे.

मी हे सगळे मुंबईकडे बोट दाखवून थांबवू शकलो असतो. पण खान्देशाला तेवढी मोकळीक राहिलेली नाही, कारण आता इथेही पडदा आहे आणि तो आपला आहे. ‘केसावर फुगे’, ‘हाई झुमका वाली पोर’ अशी अहिराणी गाणी मोबाइलवरून निघाली आणि पुण्या-कोल्हापूरच्या वरातींत वाजू लागली. ज्या भाषेचा हेल घालवायला आमची मुले मुंबईत धडपडत होती, तिच्याच हेलावर लोक नाचू लागले. याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. जळगाव, धुळे, चाळीसगाव, मालेगाव या पट्ट्यात आज कितीतरी पोरे-पोरी विनोदी चित्रफिती, गाणी, लघुपट करतात. शेताच्या बांधावर चित्रीकरण होते आणि काकू-मावशा भूमिका करतात.

पण यूट्यूबची रचना समजून घ्या. चॅनेल ज्याच्या नावावर, जाहिरातीचा पैसा त्याच्या खात्यात. गाणारी, नाचणारी, पडद्यावर दिसणारी माणसे त्या हिशेबात कुठेच नसतात, जोपर्यंत चॅनेलचा मालक त्यांना धरत नाही. गाणे वर्षानुवर्षे वाजत राहते आणि नाचणाऱ्या मुलीला एका दिवसाचे पैसे, कधी फक्त जेवण आणि येण्याजाण्याचे भाडे मिळते. यात कुणी वाईट असतो असे नाही. ओळखीतले, नात्यातले, गल्लीतले काम असते आणि ‘भाऊ, कागद कशाला’ असे म्हणून विश्वासावर चालते. मालेगावचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या सिनेवेड्या मित्रांनी केलेल्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटातला नायक शफीक हा यंत्रमाग कामगार होता. तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. त्या मित्रमंडळीच्या सिनेवेडावर माहितीपट झाला होता आणि २०२५ मध्ये मुंबईने मोठा चित्रपट काढला. कहाणी जगभर गेली, आणि शफीक ती पाहायला नव्हता. मुंबईच्या मालकांना जे आपण विचारतो, ते स्वतःच्या गल्लीतही विचारले नाही तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही.

कुणी म्हणेल, सरकार आहे ना. महाराष्ट्रात ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे आणि २०२४ पासून ती दरमहा पाच हजार रुपये देते. वही गाणाऱ्या, तमाशात उभे आयुष्य काढलेल्या, सोंगे नाचवणाऱ्या खान्देशातल्या म्हाताऱ्या कलावंताला ते पाच हजार मोलाचे आहेत आणि ते वेळेवर मिळावेत म्हणून प्रत्येकाने धडपडले पाहिजे. तरीही मानधन म्हणजे शासनाने केलेली कदर आहे. ज्याच्या कामावर अजून कमाई होते आहे, त्याला कदरीआधी त्याचा हिस्सा मिळाला पाहिजे. कुळाला सरकारने दान दिले नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीचा धनी मानले. कलावंताच्या बाबतीत आपण अजून त्या दिवसापर्यंत पोचलेलो नाही.

म्हणून माझे सांगणे आधी आपल्या इथल्या लोकांना आहे. जळगाव-धुळ्यात चॅनेल चालवणाऱ्या मित्रांनो, एक पान मराठीत लिहा. काम कोणते, पैसे किती, कधी मिळणार, आणि हे गाणे किंवा चित्रफीत ठरावीक कमाईच्या पुढे गेली तर दिसणाऱ्या-गाणाऱ्या माणसाला शेकडा किती, एवढे त्यावर असू द्या. दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. खान्देशी पडद्याने हा पायंडा पाडला तर मुंबईला आपल्याकडून शिकावे लागेल. मुंबईला निघालेल्या मुला-मुलींनो, करारपत्र सहीच्या आदल्या रात्री वाचा, न समजलेले वाक्य वकिलाला दाखवा आणि संघटनेचे सभासदत्व पहिल्या कमाईतून घ्या. नाट्यशिक्षण देणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी आणि संस्थांनी आवाज व हालचालींच्या तासांबरोबर कराराचाही एक तास ठेवावा. त्या मुलांच्या आई-वडिलांनी परत आलेल्या मुलाला गाडी कुठे आहे असे विचारू नये. त्याचे किती दिवसांचे पैसे यायचे राहिले आहेत, ते विचारावे.

आणि राहता राहिला टपरीवरचा आपला प्रश्न. पुढच्या स्पर्धेला नाटक सुटल्यावर कुणी मोबाइल काढून कोटीचा आकडा वाचू लागला, तर त्याला थांबवा आणि विचारा: त्याचे नाव इतर हक्कांत लागले आहे का?